डॉक्टर एकेको आणि न पुसली जाणारी साखळी

चोवीस जानेवारीला, दुपारचे बारा वाजायला पाऊण तास असताना, अँडीज डोंगरातल्या एल आल्तो शहरातल्या एका नाचाच्या हॉलमध्ये चारशे माणसं आपापले मोबाइल डोक्यावर धरून उभी होती, आणि एक भगत त्या मोबाइलांना धूप दाखवत फिरत होता.

हॉल लग्नाकार्याचा. छताला काचेची झुंबरं, भिंतींवर हिरवे-नारिंगी आरसे, त्यामुळे चारशेचे चार हजार दिसत होते. स्टेजवर मोठा पडदा, पडद्याखाली टेबल, टेबलावर संगणक. भगताने आधी संगणकावर रंगीत कागदाचे कपटे उधळले, मग धरणीमातेचं नाव घेऊन बाटलीतली दारू शिंपडायला हात उचलला. तेवढ्यात हा सोहळा भरवणारा इंजिनियर पुढे झुकून त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. भगताने हात आवरला आणि दारू टेबलाच्या पायावर ओतली. देवाधर्माला न घाबरणारी त्याची संगणकातली साखळी चमचाभर दारूला घाबरते, हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं.

चोवीस जानेवारी म्हणजे आमची आलासितास जत्रा. त्या दिवशी माणूस आपल्याला हवं ते लहान करून विकत घेतो. बोटभर घर, चिमटीत मावणारी गाडी, काडेपेटीएवढी पदवी. बाराच्या ठोक्याला त्याला धूप दाखवायचा आणि घरी नेऊन एकेकोच्या अंगावर लटकवायचं. एकेको म्हणजे पोट सुटलेला, मिशाळ, दोन्ही हात पसरून हसणारा मातीचा बाहुला. तो वर्षभरात ती वस्तू खरी करून देतो म्हणतात. काडेपेटीएवढ्या पदव्या मी छापतो. बावीस वर्षं छापतोय. डॉक्टर, वकील, शिक्षक, जे मागाल ते. मी स्वतः सातवीत शाळा सोडली, पण माझ्या छापखान्यातून जेवढे डॉक्टर बाहेर पडले तेवढे कोणत्याही विद्यापीठातून पडले नसतील.

या खेळात वाईट काही नाही. पण त्यातून आम्हाला एक खोड लागली आहे. आमच्याकडे आधी कागद येतो आणि मागाहून वस्तू येईल म्हणून माणूस वाट बघत बसतो. इंजिनियर वाल्दो अरान्सिबियाने बरोबर तीच खोड हेरली.

आठ महिन्यांपूर्वी तो आमच्या वस्तीत आला. आमच्याकडे पदवी असलेला माणूस नावाआधी पदवी लावतो आणि लोक त्याला त्याच पदवीने हाक मारतात. त्याने स्वतःची ओळख इंजिनियर अशी करून दिली, म्हणून तो इंजिनियर झाला. कुठला, कसला, हे विचारायची आमच्यात रीत नाही. विचारणारा उद्धट ठरतो, आणि उद्धट ठरण्यापेक्षा फसलेलं परवडलं, असा आमचा हिशेब.

त्याचं दुकान म्हणजे 'अँडीज साखळी'. घरबसल्या मोबाइलवर कोर्स करायचे, प्रत्येक कोर्सचे क्रेडिट मिळणार, ते क्रेडिट ब्लॉकचेनवर चढणार, आणि तिथून कोणत्याही विद्यापीठात आपोआप उतरणार. कोचाबाम्बा म्हणा, लिमा म्हणा, माद्रिद म्हणा. त्याचं बोलणं ऐकत राहावं असं होतं. म्हणायचा, माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, शिक्का खोटं बोलतो, साखळी खोटं बोलत नाही. म्हणायचा, सात देशांत सात पहारेकरी बसलेत, एकाने डोळा मिटला तरी सहा जागे असतात. आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणायचा, एकदा नोंद झाली की ती प्रत्यक्ष देवालासुद्धा पुसता येत नाही. या वाक्याला बायका छातीवर क्रॉसची खूण करत. मी बघितलंय.

माझी भाची रोसमेरी याच वाक्यात अडकली.

रोसमेरी सव्वीस वर्षांची. सकाळी एका दवाखान्यात मदतनीस म्हणून राबते आणि संध्याकाळी सरकारी परिचारिका विद्यालयात शिकते. त्या विद्यालयाची प्रवेश परीक्षा तिने तीनदा दिली, तेव्हा कुठे जागा मिळाली. पाच वर्षांतलं एक झालं, चार राहिली. त्यात इंजिनियरने तिला सांगितलं की तुझे साखळीवरचे अकरा कोर्स धरले तर तू कोचाबाम्बाच्या विद्यापीठात थेट चौथ्या वर्षाला बसशील. अट एकच. एक माणूस दोन ठिकाणी नोंदवलेला साखळीला चालत नाही. सरकारी विद्यालयातली जागा सोडल्याच्या पत्रावर सही करायची, ते पत्र जत्रेच्या दिवशी हॉलमधल्या टोपलीत टाकायचं. बारा वाजता साखळीची कडी बंद होईल. त्यानंतर मोटारसायकलवाला सगळी पत्रं ज्याच्या त्याच्या कचेरीत नेऊन देईल.

आता ही सरकारी जागा कशी असते ते ऐका. पत्र पोचलं की प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला त्याच दिवशी फोन जातो. दुसऱ्या दिवशी रडत गेलात तरी जागा परत मिळत नाही.

मी बहिणीला, रोसमेरीच्या आईला, हे सांगायला गेलो. युसेबिया बाजारात आपी, म्हणजे मक्याचं गरम जांभळं पेय, विकते. ती ढवळता ढवळता माझ्याकडे न बघताच म्हणाली, "दादा, तुला यातलं काय कळतं? तू खेळण्यातल्या पदव्या छापतोस."

"म्हणूनच कळतं," मी म्हणालो.

ती हसली नाही. पोरीने अजून चार वर्षं लोकांच्या अंथरुणाखालची भांडी उचलायची का, असं तिने विचारलं. मग रोसमेरीच बोलली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसल्यासारखा झाला होता. "मामा, सलाइन मी लावते. जखम मी धुते. वहीत सही दुसरीची होते. मला फक्त माझी सही करायचीय. चार वर्षांऐवजी दोन वर्षांत होत असेल तर तुम्ही का अडवता?"

रागावणं मला चांगलं जमतं, पण रागाने कोणाला पटवता येत नाही.

पटवण्याचं काम नीव्हेस तिन्ताया बाईंनी केलं. बाई आमच्या वस्तीतल्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या. त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या, रोसमेरीनेसुद्धा. बाईंनी सगळ्यात आधी सगळ्यात साधी गोष्ट केली, जी आमच्यापैकी कोणाला सुचली नव्हती. कोचाबाम्बाच्या विद्यापीठातल्या प्रवेश कचेरीला फोन लावला. तिथल्या बाईने विचारलं, कसली साखळी? असला कुठलाच करार आमच्याकडे नाही, आणि आमची समिती अभ्यासक्रम वाचल्याशिवाय एकाही कोर्सचं क्रेडिट घेत नाही.

तिन्ताया बाईंनी हे वस्तीच्या सभेत सांगितलं. इंजिनियरचं उत्तर तयारच होतं. जुनी विद्यापीठं घाबरली आहेत, त्यांची दुकानं बंद होणार आहेत, ती हो कशी म्हणतील? लोकांनी माना डोलावल्या. मला पहिल्यांदा कळलं की श्रद्धा बसलेल्या माणसाला पुरावा दाखवला तर तो पुरावाच आपल्या देवाच्या पायाशी नेऊन ठेवतो. विद्यापीठाने नाही म्हटलं, म्हणून साखळीवरचा विश्वास वाढला.

जत्रेच्या चार दिवस आधी बाई माझ्या छापखान्यात आल्या. म्हणाल्या, डॉक्टरकीची एक छोटी पदवी दे, नावाची जागा कोरी ठेव. मी म्हटलं, बाई, या वयात डॉक्टर व्हायचंय का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आठवड्याचा अभ्यास विसरून शाळेत आलोय. काडेपेटीएवढी पदवी त्यांनी पर्समध्ये ठेवली, पैसे मोजून दिले आणि गेल्या. सूट मागितली नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

आता परत हॉलमध्ये या.

बाराला वीस मिनिटं असताना रोसमेरीने टोपलीत पत्र टाकलं. मी तिच्या मागेच उभा होतो. टोपली रंगीत विणलेल्या कापडाने सजवलेली होती, त्यात दीडशेच्या आसपास पत्रं होती. टेबलामागच्या पोरीने तिचा नंबर वहीत लिहिला आणि तिला पावती दिली. युसेबियाने आपल्या टोपीला हात लावून पुटपुटत प्रार्थना केली. रोसमेरी मोबाइल वर धरून रांगेत उभी राहिली. तिच्या बोटांची नखं दवाखान्यातल्या औषधाने पिवळी पडलेली असतात, ती मला तेव्हा दिसली.

इंजिनियर स्टेजवर आला. निळा कोट, छातीवर साखळीच्या आकाराची पिन. त्याने सात पहारेकऱ्यांचं आख्यान लावलं, मग म्हणाला की माझ्यावर विश्वास ठेवू नका, यंत्रावर ठेवा. इथे कोणीही उठा, कोणताही नंबर सांगा, साखळी सगळ्यांसमोर उत्तर देईल. दोघातिघांनी नंबर सांगितले. पडद्यावर नाव, कोर्स, क्रेडिट झळकलं, खाली हिरवी खूण आणि 'सत्यापित' हा शब्द. प्रत्येक खुणेला टाळ्या. ज्याचं नाव झळकलं त्याच्या गळ्यात बायको पडली.

तेवढ्यात तिन्ताया बाई उठल्या. म्हणाल्या, "चार हजार एकशे सतरा."

पडदा क्षणभर पांढरा झाला. मग अक्षरं उमटली. पदवी, डॉक्टर ऑफ मेडिसिन. क्रेडिट, तीनशे. जगातल्या कोणत्याही विद्यापीठात हस्तांतरणास पात्र. हिरवी खूण. सत्यापित. आणि वर नाव होतं, एकेको.

आधी कोणाला काही कळलं नाही. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने नाव मोठ्याने वाचलं. मग मागून कोणीतरी खो-खो हसलं, आणि ते हसू आरशाआरशातून सगळ्या हॉलभर पसरलं. भगतालासुद्धा हसू आवरेना, त्याची धूपदाणी हलायला लागली.

इंजिनियर म्हणाला, हा शत्रूंचा हल्ला आहे, यंत्रात कोणीतरी घुसलंय. बाईंनी शांतपणे पर्समधून पावती काढली. तुमच्याच माणसाने दिलीय, म्हणाल्या, जुन्या पदव्या साखळीवर चढवून मिळतील अशी तुमची पाटी होती, मी फोटो पाठवला, फी भरली, दोन तासांत नंबर आला. मग त्यांनी ती काडेपेटीएवढी पदवी चिमटीत धरून वर केली. मागच्यांना दिसेना, तर म्हणाल्या, हातोहात पुढे द्या, पण परत करा, ती माझी आहे. फोटोत छोटं-मोठं कळत नाही. माझी खेळण्यातली पदवी चारशे लोकांच्या हातून फिरली. 'विद्यापीठ' म्हणून छापलेलं नाव मीच बावीस वर्षांपूर्वी मनाने बनवलेलं. जगात ते कुठेही नाही.

त्याच वेळी इंजिनियरने चूक केली. त्याने वळून संगणकावरच्या माणसाला दबक्या आवाजात काहीतरी सांगितलं. माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. तो म्हणाला होता, काढ ते, लवकर काढ.

त्या माणसाने काढलं. पडदा पुन्हा पांढरा झाला. बाईंनी घड्याळात पाहिलं, थांबल्या, आणि पुन्हा तोच नंबर सांगितला. उत्तर आलं, अशी नोंद नाही.

बाई बसल्या नाहीत. वर्गात फळ्यावरचं गणित चुकलं की त्या ज्या आवाजात बोलायच्या, त्याच आवाजात बोलल्या. "इंजिनियर, मला दोन गोष्टी समजावून सांगा. नोंद खोटी होती, तरी तुमच्या साखळीने ती घेतली. आणि जी देवालाही पुसता येत नाही ती तुम्ही दीड मिनिटात पुसलीत. मग गेले आठ महिने तुम्ही नेमकं काय विकत होतात?"

इंजिनियरचं बोलणं मी आठ महिने ऐकलं होतं. आता तो छातीवरची पिन नीट करत राहिला.

मग बाईंनी लोकांना समजावलं, आणि ते इतकं सोपं होतं की मला माझीच लाज वाटली. म्हणाल्या, आपल्या वस्तीच्या सभेचं इतिवृत्त सचिव वहीत लिहितो. समजा त्या वहीच्या चाळीस प्रती केल्या आणि चाळीस घरांत ठेवल्या. उद्या सचिवाने आपल्या वहीत खाडाखोड केली तर एकोणचाळीस वह्या त्याला पकडतील. ब्लॉकचेन म्हणजे एवढंच, आणि एवढं झालं तरी पुष्कळ आहे, चांगलं आहे. पण सचिवाने पहिल्याच दिवशी लिहिलं की तिन्ताया बाई आकाशात उडते, तर चाळीसच्या चाळीस वह्यांत बाई उडायला लागेल. वह्या खाडाखोड पकडतात, थाप पकडत नाहीत. थाप पकडायला ती पहिली ओळ लिहिणारा कोण, आणि त्याने खरंच पाहून लिहिली का, हे विचारावं लागतं. आणि लिहिलेलं दुसऱ्या गावाने मानायचं की नाही, हे त्या गावची सभा ठरवते. वही ठरवत नाही.

"आणि इथे तर चाळीस घरंसुद्धा नाहीत," त्या म्हणाल्या. "एकाच माणसाने पुसलं आणि सात देशांच्या पहारेकऱ्यांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. सातही वह्या एकाच्याच घरात आहेत."

इथे मला तोंड उघडावं लागलं. वस्तीत आल्या आल्याच इंजिनियरने माझ्याकडून सात झेंड्यांची स्टिकरं छापून घेतली होती. सात देश, प्रत्येकी एक. मी ती त्याच्या कचेरीत पोचवली, तेव्हा तिथे एकाच फळीवर सात जुने लॅपटॉप ओळीने मांडलेले होते, एकाच तारेला जोडलेले. स्टिकरं त्यांच्या पाठीवर चिकटवायची होती. मी पैसे घेतले, पावती दिली आणि आठ महिने गप्प बसलो, कारण गिऱ्हाइकाच्या भानगडीत पडायचं नाही हा माझा धंद्याचा नियम. हे सगळं मी भर हॉलमध्ये सांगितलं. युसेबिया माझ्याकडे अशी बघत होती की वाटलं, पुढचे सहा महिने आपी फुकट मिळणार नाही.

कोणीतरी ओरडलं की बाईंनी एकेकोची चेष्टा केली, देवाची विटंबना केली. बाई म्हणाल्या, एकेकोबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो निदान आपण खेळणं आहोत हे लपवत नाही.

इंजिनियरला आता वाचा फुटली होती. ही तांत्रिक अडचण आहे, असं तो म्हणत होता, कडी बारा वाजता बंद होणारच, ज्यांचा विश्वास पक्का आहे त्यांनीच थांबावं. लोकांना त्याने पत्रावर सह्या का करायला लावल्या तेही मला तेव्हा समजलं. त्याला पोरांची जागा नको होती. त्याला ती पोरं परतायला जागा नसलेली हवी होती. जिचं विद्यालय सुटलं ती पोरगी कोर्स घेत राहणार, तक्रार करणार नाही, उलट दुसऱ्या पोरींना ओढून आणणार, कारण तिची चूक चूक नव्हती असं तिला रोज सिद्ध करावं लागणार. फसलेल्या माणसाइतका इमानी दलाल दुसरा मिळत नाही.

मी रोसमेरीला शोधत होतो. ती रांगेतून निघून टेबलाकडे गेली होती. टेबलामागच्या पोरीला तिने आपलं पत्र परत मागितलं. पोरगी म्हणाली, तुमचा नंबर साखळीवर चढलाय ताई, आता परत देता येत नाही.

"पूस ना," रोसमेरी म्हणाली. "दीड मिनिट लागतं."

आणि तिने स्वतःच टोपलीत हात घातला. वरची पत्रं बाजूला सारली, आपलं ओळखलं, चार तुकडे केले आणि ते एप्रनच्या खिशात टाकले, जमिनीवर नाही. दवाखान्यात काम करणाऱ्या मुलीची सवय. युसेबिया तिच्याकडे बघत उभी होती. ती पुढे आली आणि तिने पोरीच्या पाठीवर हात ठेवला. दोघी दरवाज्याकडे चालू लागल्या. त्यांच्यामागे टेबलाशी दुसरी रांग लागली, आधीच्या रांगेपेक्षा जास्त घाईची.

बारा वाजले. बाहेर जत्रेत फटाके फुटले, चर्चच्या घंटा वाजल्या. हॉलमध्ये काहीही बंद झालं नाही आणि काहीही उघडलं नाही.

मी सगळेच जण शहाणे झाले असं लिहिलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. झाले नाहीत. एकोणतीस पत्रं टोपलीतच राहिली. त्या एकोणतीस जणांनी स्वतः मोबाइल वर धरले आणि भगताकडून धूप घेतला, मघाशी हसलेल्या त्याच भगताकडून. मोटारसायकलवाला पत्रं घेऊन गेला. त्या दुपारी एकोणतीस घरांत प्रतीक्षा यादीतल्या पोरापोरींचे फोन वाजले आणि तिथे आनंदीआनंद झाला. इंजिनियर आठवड्याभरात दुसऱ्या शहरात गेला. ऐकतो की आता त्याची साखळी सोन्याची झाली आहे आणि पहारेकरी नऊ झालेत. तिथे त्याला स्टिकरं कोण छापून देतो ते मला माहीत नाही. मी देत नाही एवढं नक्की.

लोक मला विचारतात, मग ब्लॉकचेन खोटी का? नाही. वही खोटी नसते. उद्या दोन खरी विद्यापीठं बसून ठरवतील की तुमचा हा कोर्स आम्ही वाचला, तुमची परीक्षा आम्ही पाहिली, तुमची सही आम्ही मानू, आणि ती सही कोणाला खोडता येऊ नये म्हणून साखळीवर ठेवतील. तेव्हा रोसमेरीसारख्या पोरींचं खरंच भलं होईल, आणि त्या दिवशी मी स्वतः टाळ्या वाजवीन. पण त्यात चमत्कार कुठेच नसेल. कोणीतरी शिकवलेलं असेल, कोणीतरी तपासलेलं असेल, कोणीतरी मान्य केलेलं असेल. या तिघांना नावं असतील, कचेऱ्या असतील आणि फोन नंबर असतील.

म्हणून जिला कोणी सांगेल की यंत्र खोटं बोलत नाही, तिने विचारावं, यंत्राला सांगितलं कोणी? तिथे मान्य होईल असं कोणी सांगेल, तर तिथे फोन लावावा, आणि फोन लावू नका म्हणणाऱ्याकडे पाठ करून चालू पडावं. उद्धट म्हणतील. म्हणू देत. आणि हातातली खरी जागा कोणाच्या शब्दावर सोडू नये, मग तो शब्द धुपात भिजवलेला असो नाहीतर पडद्यावर हिरवा चमकत असो. ज्याचं खरं असतं तो तुम्हाला तपासायला वेळ देतो. बारा वाजण्याची घाई फक्त चोराला असते.